आमचं बाथरूम निर्दोष आहे

राजेंद्र नगर, इंदूर
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

रा. रा. रघुवीरराव व्याहीसाहेब यांस इंदूरहून श्रीकृष्णाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (‘दोन्ही हात’ मुद्दाम लिहिलं आहे. आमच्या घरात सध्या प्रत्येकालाच ते जोडता येतात असं नाही. खुलासा पुढे येईल.)

देवासला तुम्ही उभयता खुशाल असाल. विहीणबाईंचा खोकला गेला का? थंडीत त्यांनी पहाटे टेकडीवर दर्शनाला जाऊ नये, असं सरोजिनीने कळवायला सांगितलं आहे. तुम्हाला मात्र असलं काही सांगायची सोय नाही. सत्तरीला टेकलात तरी भाजीला, टपाल कचेरीत, नातेवाइकांकडे सगळीकडे सायकलवरून जाता. तुमच्या गुडघ्यांची चौकशी करायची म्हणजे माझ्याच गुडघ्यांना कानकोंडं होतं. पाठवलेले आवळे पोचले. मुरांबा घातला आहे. तो मुरेल तेव्हा आपलं बोलणं-चालणं चालू असेल, अशी आशा करतो.

गेल्या आठवड्यात मी तुम्हाला तीनदा फोन केला, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पहिल्या वेळी थंडीबद्दल बोललो, दुसऱ्या वेळी तुमच्या पेरूच्या झाडाबद्दल, आणि तिसऱ्या वेळी पुन्हा थंडीबद्दल. त्यानंतर विहीणबाईंनी सरोजिनीला विचारलं म्हणे, की व्याह्यांची तब्येत बरी आहे ना. तब्येत बरी आहे. तोंड दाखवायची सोय नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. पत्राला तोंड लागत नाही.

मी उभा जन्म सरकारी कचेरीत टिपणं लिहिली. वाईट बातमी पहिल्या परिच्छेदात घालायची नाही, कारण साहेब तेवढाच वाचतात. शेवटच्या परिच्छेदातही घालायची नाही, कारण सही तिथे करायची असते. ती मध्ये कुठेतरी, दोन बऱ्या बातम्यांच्या आधाराने उभी करायची. त्या शिस्तीने लिहितो. सुरभी बरी आहे. तिच्या डाव्या हाताला प्लास्टर आहे हे तुम्हाला माहीत आहे. आपण बाथरूममध्ये पाय घसरून पडलो, असं तिने तुम्हाला सांगितलं. ते खरं नाही. आमचं बाथरूम निर्दोष आहे.

तो व्हिडिओ कॉल चालू होता तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. तुम्ही विचारलंत, “पण घसरलीस कशी?” सुरभी क्षणभर अडखळली. आणि व्याहीसाहेब, मी, या वयाचा माणूस, तिच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकं घालून म्हणालो, “साबण हो, साबण!” कुणी मागितला नव्हता. तिने नुसतं बाथरूमवर भागवलं होतं. साबण मी पुरवला. पुढच्याच आठवड्यात तुमच्याकडून कुरिअरने ती रबरी चटई आली, सोबत विहीणबाईंच्या अक्षरात “सर्वांनी जपून”. चटई लगेच अंथरली. रोज सकाळी मी तिच्यावर उभा राहून आंघोळ करतो. फरशीला अशी घट्ट चिकटते की पाय तसूभर हलत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यातसुद्धा माणसाला इतकं पक्कं उभं करत नसतील.

आता मूळ हकीकत. तिची सुरुवात तुमच्या सायकलीपासून होते, पण दोष सायकलीचा नाही, हे आधीच नमूद करतो. सुरभीच्या लग्नात आमच्याकडची मंडळी रुखवत बघायला गेली. साखरेचं तुळशीवृंदावन, मण्यांचे मोर, बोरांएवढे लाडू, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध झेंडूच्या माळा घातलेली हिरवी सायकल. आमचे शेजारी नानासाहेब (यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, आणि नानासाहेब गाडी चालवतात तेव्हा अजूनही घोड्यावरच असतात) माझ्या कानात म्हणाले, “भिया, ये रुखवत है के शोरूम?” पण सुरभीने ती सायकल शोभेची ठेवली नाही. लग्नानंतर सोळाव्या दिवसापासून ती त्याच सायकलवर बँकेत जायला लागली. आमच्या कॉलनीत हे नवीन होतं. इथे लोक पोहे आणायला कोपऱ्यावर जातात तेव्हासुद्धा चारचाकी काढतात, आणि दुकानासमोर ती उभी करायला जागा मिळेना म्हणून पोहे गार होईपर्यंत फेऱ्या मारतात.

गेल्या पावसाळ्यात एकदा ती बँकेतून आली ती कमरेपर्यंत चिखलाने माखून. मागून हॉर्न, पुढून स्कूटर, आणि कडेला घ्यावं तर कडेला नानासाहेबांची गाडी. गाडी कसली, चाकांवरचा दिवाणखाना आहे तो. जेवताना सुरभी म्हणाली, “बाबा, मधून गेलं तर चालत्या गाड्या, कडेने गेलं तर उभ्या गाड्या. मग सायकलवाल्याने निघायचं कुठून हो?” ती हे पियुषला म्हणाली असती तर त्याने “हां यार” म्हणून पोळी वाढून घेतली असती. (तुमचा जावई मनाने चांगला आहे, फक्त त्याच्या कानात सदैव काहीतरी वाजत असतं.) ती हे मला म्हणाली. आणि मी रहिवासी समितीचा सचिव आहे. कचेरी सुटल्यापासून कुणी मला प्रश्नच विचारला नव्हता.

मी कामाला लागलो. समितीची सभा घेतली, रस्त्याच्या डाव्या कडेने सायकलींसाठी पट्टी राखायची असं सर्वानुमते ठरलं, आणि पांढरी रेघ मारून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर त्या रेघेच्या आत सगळ्या गाड्या ओळीने उभ्या! इतक्या सरळ त्या आजवर कधीच उभ्या राहिल्या नव्हत्या. मी नानासाहेबांना म्हणालो, ही रेघ सायकलींसाठी आहे. ते म्हणाले, “अरे, मला वाटलं पार्किंगची आहे. मी तर तुझं कौतुक करत होतो. काय सिधी लाइन मारली आहे!” मग पाटी लावली. पाटीला गाडी बांधायची सोय नव्हती म्हणून तिच्यावर कुणीतरी गाडी पुसायचं फडकं वाळत घातलं. मग प्लास्टिकचे लाल शंकू आणले. ते दोन दिवस जागेवर होते. तिसऱ्या दिवशी नानासाहेब बाहेर जाताना आपल्या गाडीच्या जागी शंकू ठेवून गेले, परत येईपर्यंत दुसऱ्या कुणी जागा घेऊ नये म्हणून. मी ग्रुपवर कळकळीचं आवाहन टाकलं. सगळ्यांनी अंगठे दाखवले. दोन्ही अर्थांनी.

असे दिवस जात असताना वसुबारस आली, आणि मला जी कल्पना सुचली तिच्यामुळे आज हे पत्र लिहावं लागतं आहे. आमच्या समोर मंगलाकाकू राहतात. (भजनी मंडळ त्यांचंच. माझ्याहून लहान आहेत, पण कॉलनी काकू म्हणते म्हणून मीही म्हणतो.) त्यांनी फाटकासमोर रस्त्याच्या कडेला ठसठशीत रांगोळी काढली होती. नानासाहेब गाडी मागे घेत होते. जो माणूस मांजर आडवं गेलं तर थांबत नाही, सिग्नल आडवा आला तर मुळीच थांबत नाही, तो त्या रांगोळीजवळ थांबला, उतरला, चाक किती लांब आहे ते वाकून बघितलं, पुन्हा बसला, आणि गाडी पार पलीकडे नेऊन उभी केली. मला एकदम उजेड पडला. रेघ म्हणजे सरकारी; ती कोण जुमानतो? रांगोळी कोण मोडेल?

मंगलाकाकूंना सांगितलं, त्यांनी मंडळाच्या बायका उभ्या केल्या, आणि त्या पांढऱ्या रेघेवरून कॉलनीभर ठिपक्यांची रांगोळी निघाली. गाड्या हटल्या! फक्त एक अडचण आली. आपलं शहर स्वच्छतेचं, हे तुम्ही जाणता. पहाटे झाडूवाल्या येतात, आणि त्यांच्या हाताखालून रांगोळी तर सोडाच, झाडाचं पान सुटत नाही. सकाळी रस्ता लख्ख, आणि त्या लख्ख रस्त्यावर गाड्या पुन्हा हजर. तेव्हा मी ऑइल पेंट आणला. बायकांनी रेघेवरची रांगोळी पक्क्या रंगात काढली. काम इथे संपलं होतं. गाड्या बाहेर होत्या, पट्टी आत मोकळी होती. इथेच मी चहा पिऊन घरात जाऊन बसलो असतो तर आज विहीणबाईंचे चटईचे पैसे वाचले असते.

पण डब्यात रंग उरला होता. उरलेला रंग आणि रिकामा सचिव. माझ्या गुडघ्याचा एक जुना एक्स-रे होता, त्यातून मी लक्ष्मीच्या पावलांचा साचा कापला आणि पट्टीच्या आत पावलं काढत सुटलो, कॉलनीच्या फाटकापासून थेट आमच्या घरापर्यंत. मंगलाकाकू म्हणाल्या, “भाऊजी, वाटेत पावलं कशाला?” मी म्हणालो, “काकू, लक्ष्मीला पण सुरक्षित पट्टी पाहिजे की नाही?” हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते नंतर आणखी चौघांना ऐकवलं. दुसऱ्या दिवशी तक्रार आली, की सगळी लक्ष्मी सचिवांच्याच घरी का चालली आहे. तक्रार रास्त होती. मग मी प्रत्येक फाटकात वळणारी पावलं काढली. आता पट्टीत उभी पावलं, आडवी पावलं, वळणारी पावलं, परत फिरणारी पावलं. (ती एक चूक झाली होती. साचा उलटा धरला गेला. लक्ष्मी एका घरातून बाहेर पडताना दिसते. त्यांना अजून सांगितलेलं नाही.) टाच टेकवायला जागा उरली नाही. मोठं सुंदर दिसत होतं. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन फाटकात उभा राहायचो आणि त्या मोकळ्या पट्टीकडे बघायचो. एकही गाडी नाही. समाधानाने मी तुम्हाला फोन केला आणि पौष लागण्याआधीच्या रविवारी ‘आदर्श सायकल मार्गा’च्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. तुम्ही किती आनंदाने हो म्हणालात! तो आवाज हल्ली मला चटईवर ऐकू येतो.

एकही गाडी नव्हती हे खरं. पण एकही सायकलसुद्धा नव्हती, हे मला दिसत असून दिसलं नाही. पेपरवाला पट्टी सोडून मधून जायचा. शाळेची पोरं मधून जायची. आमच्याकडे कामाला येणारी बेबी तर आमच्या फाटकाशी उतरायची, सायकल उचलायची, पावलांवरून अलगद पाय टाकत पलीकडे यायची आणि मग खाली ठेवायची. मी सरोजिनीला म्हणालो, “बघ, केवढी श्रद्धा!” सरोजिनी म्हणाली, “श्रद्धा नाही, कसरत आहे.” मी तिकडे लक्ष दिलं नाही. आणि कडेच्या सगळ्या गाड्या आता समोरच्या बाजूला गेल्या होत्या, त्यामुळे उरलेला रस्ता बोळाएवढा झाला होता. म्हणजे सायकलींसाठी मी पूर्वीपेक्षा कमी जागा ठेवली होती, आणि ती रंगवून ठेवली होती.

देवदिवाळीच्या आधीचा रविवार. सुरभी सगळ्यांसाठी पोहे-जिलबी आणायला सायकलवरून गेली होती. मी फाटकात, हातात कप. ती कोपऱ्यावरून वळली, हँडलला पिशवी. पट्टीत शिरली, पावलांपाशी आली आणि हँडल वळवून रस्त्याच्या मध्ये गेली. त्याच वेळी समोरच्या बाजूला नानासाहेबांनी आपल्या दिवाणखान्याचं दार उघडलं. मग पोहे रस्त्यावर, जिलबी लक्ष्मीच्या पावलांवर आणि सुरभी दारावर. नानासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. “बेटा, लगी क्या? बेटा, मला दिसलीच नाहीस तू!” ते घाबरले की मराठी-हिंदी दोन्ही एकदम सुरू होतात. त्यांच्याच गाडीतून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. मनगटाच्या वर हाड तडकलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, तेव्हा सरोजिनीने फिल्मकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी साचे कापणं सोडलं आहे, एवढं तुम्हाला कळवून ठेवतो.

आता जे लिहितो ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. सुरभी रस्त्यावर बसली होती, हात धरून, ओठ दाबून. भोवती लोक जमले आणि कुणीतरी म्हणालं, “धन्य आहे पोरीची! स्वतः पडली, पण पावलांवर चाक नाही जाऊ दिलं.” आणि व्याहीसाहेब, एक क्षण, मोजून एकच, मला अभिमान वाटला. सून रस्त्यावर पडली आहे आणि सासरा आपल्या रंगकामाचं कौतुक ऐकतो आहे. त्या क्षणाला साबण लावून धुता येत नाही, मी पाहिलं आहे.

संध्याकाळी ती तुमच्याशी खोटं बोलली. मी नंतर विचारलं, असं का सांगितलंस? म्हणाली, “बाबा, आप्पांना तुम्ही पाहुणे म्हणून बोलावलंय ना. त्यांना कसं सांगणार, त्याच रस्त्यावर पडले म्हणून? तुम्हाला कसं वाटेल?” मला कसं वाटेल याची काळजी ज्या घरात प्लास्टर घातलेली मुलगी करते, त्या घरच्या कर्त्याने कुठे बघावं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

आणि त्याहून वाईट गोष्ट अशी की ती सायकल आता नको म्हणते. रागावून नाही, अगदी शांतपणे. “राहू द्या बाबा, नाही जमत इथे.” पियुषने कानातलं काढून स्कूटरची माहिती गोळा केली आहे, रंगावर चर्चा चालू आहे. हिरवी सायकल व्हरांड्यात उभी आहे, पुढचं चाक जिलबीसारखं वाकलेलं, आणि सरोजिनी तिच्यावर पंचे वाळत घालते. मला दिसावेत असे. परवा मी पंचा घ्यायला गेलो तर म्हणाली, “घरची लक्ष्मी पाडलीत आणि रस्त्यावरची जपताय. कमाल आहे हो तुमची.” मी पंचा न घेताच परत आलो.

तेव्हा ठरवलं, पावलं काढून टाकायची. सभा बोलावली. सगळे म्हणाले, जरूर काढा, पण मार्गशीर्ष संपल्यावर. लक्ष्मीच्या महिन्यात लक्ष्मीची पावलं कोण पुसतो? बरं, इथे मार्गशीर्षही दोन. हिंदी मंडळींचा अगहन आपल्या आधी पंधरा दिवस लागतो. त्यांचा संपला की आपला चालू, आणि आपला संपला की पौष, त्यात कुणी शुभ काम करत नाही. या हिशेबाने पावलं पुसायला मुहूर्त नाही. आज सकाळी मी थिनरची बाटली, तारेचा ब्रश आणि जुनं धोतर घेतलं, फाटकासमोर गुडघे टेकले आणि घासायला लागलो. आज गुरुवार आहे हे माझ्या लक्षात होतं. घरोघरी घट मांडलेले, वेणी-गजरे, बायका वाणाच्या गडबडीत, आणि मध्ये सचिव रस्त्यावर ओणवा होऊन लक्ष्मी घासतो आहे.

मंगलाकाकू ताट घेऊन बाहेर आल्या आणि थबकल्या. मी मान वर केली नाही. म्हणालो, “काकू, पाप लागत असेल तर मला लागू द्या.” त्या म्हणाल्या, “पाप कसलं भाऊजी? रांगोळी दाराच्या बाजूला काढतात, पाय पडेल तिथे काढतात का कुणी? हे आमच्या घरातल्या पोरीला विचारलं असतंत तरी कळलं असतं. पण तुम्हाला विचारायचं कुठे होतं, तुम्हाला तर ऐकवायचं होतं. लक्ष्मीची पट्टी म्हणे!” म्हणजे माझं ते वाक्य त्यांच्या लक्षात होतं. मग त्यांनी ताट कठड्यावर ठेवलं, नमस्कार केला (पावलांना, मला नाही) आणि म्हणाल्या, “रेघेवरची आमची रांगोळी राहू द्या. तिच्यामुळे गाड्या बाहेर थांबतात. आतली तेवढी साफ करा. नीट करा, अर्धवट बोटं ठेवू नका, वाईट दिसतं.”

थोड्या वेळाने नानासाहेब आले. मला वाटलं टोमणा मारणार. त्यांनी बसायला पाट आणला होता. “गुडघे जातील रे, श्रीकृष्ण.” मग धोतराचं एक टोक उचलून तेही घासायला लागले. म्हणाले, “दार उघडण्याआधी मी आता मागे वळून बघतो. मिसेस म्हणतात, मान आखडली का तुमची.” आणि मग, “सुरभी रागावली तर नाही ना माझ्यावर?” म्हणजे मी एकटाच नाही. कॉलनीत एका मुलीला तोंड चुकवणारे आम्ही दोघे आहोत. दुपारपर्यंत आमच्या फाटकापासून नानासाहेबांच्या फाटकापर्यंतची पावलं निघाली. दोघांनी काढली. त्यांनी मोजकीच, कारण खाली फार वाकता येत नाही.

हे सगळं वाचून तुम्हाला जे वाटेल ते वाटण्याचा तुमचा हक्क आहे. मुलगी तुम्ही सायकलीसकट दिलीत, आणि मी दोन्ही मोडून ठेवल्या. एवढंच म्हणेन, की तिने हँडल वळवलं ते तुमच्या घरच्या वळणामुळे. पावलांवर चाक घालायचं नाही हे तुमच्याकडचं शिक्षण, आणि नेमका त्याच्याच वाटेत मी खड्डा खणला. संस्कार तुमचे, रंगकाम माझं. विहीणबाईंना हे पत्र हळूहळू वाचून दाखवा. साबणाचा भाग गाळलात तरी चालेल. त्यांना नमस्कार. तुम्हाला काय करू, ते सुचत नाही. जे तुम्ही घ्याल ते.

आपला,
श्रीकृष्ण

ता. क. चटईचे आभार मानायचे राहिले. ती परत पाठवावी का असं मी सरोजिनीला विचारलं. म्हणाली, “राहू द्या, तुम्हाला लागेल.”

ता. क. दुसरा. पाकीट बंद करण्याआधी पत्र सुरभीला वाचायला दिलं. तिच्यामागे तुम्हाला काही कळवलं असं व्हायला नको. साबणाशी ती हसली, आणि संस्कारांशी आली तेव्हा थांबली. म्हणाली, “बाबा, हे चुकलंय. आप्पांनी असलं काही शिकवलेलं नाही. आप्पा म्हणतात, देवाला चाक लागत नाही, माणसाला लागतं. मी रोज त्या पावलांवरूनच येत होते.” मी म्हणालो, अगं, रोज सकाळी तर मी तुला बाहेरून जाताना बघायचो. ती म्हणाली, “सकाळी तुम्ही फाटकात उभे असता ना. संध्याकाळी तुम्ही बातम्या बघत असता, तेव्हा आतून यायचे. त्या रविवारी पण आतूनच येत होते. मग तुम्ही दिसलात, कप घेऊन. तुम्ही एवढं गुडघ्यावर बसून काढलेलं, तुमच्यासमोर त्याच्यावरून कशी जाणार? म्हणून वळले.” मी पत्र फाडून पुन्हा लिहिणार होतो. मग वाटलं, राहू द्यावं. वर मी स्वतःला जेवढा शरमिंदा समजत होतो, ते किती कमी होतं हे तुम्हालाही कळेल.

ता. क. तिसरा, आणि हाच खरा. स्कूटरचं थांबलं आहे. प्लास्टर निघालं आणि हातात जोर आला की ती सायकल काढीन म्हणते. अट एकच घातली आहे: मी फाटकात उभं राहायचं नाही. तेव्हा विनंती अशी, की उद्घाटन रद्द समजा, पण तुम्ही या. फीत नाही, नारळ नाही, माझं भाषण तर नाहीच. इथला दुकानदार म्हणतो या मापाचं पुढचं चाक मिळत नाही. तुमच्या ओळखीच्या माणसाकडून तेवढं घेऊन या. आणि ज्या सकाळी ती निघेल, त्या सकाळी माझ्या जागी फाटकात तुम्ही उभे राहा. मी बाथरूममध्ये असेन, चटईवर. ती पट्टीच्या आतून, सरळ, कुणाचंही मन न राखता निघून गेली, की दारावर टकटक करा.